कॅल्क लिहिलं आणि 'मोतम' उमटलं

वाचक विचारतात : संगणकाची शिकवणी

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले होते, 'माउसला हात न लावता वर्ड उघडता येतं'. विषय खरं तर प्रिंटरचा होता. पण प्रिंटर राहिला बाजूला आणि पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. तेव्हा या वेळी तेवढंच.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. संस्थेचं सॉफ्टवेअर, एक्सेल, वर्ड, कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर अशा पाच ठिकाणी दिवसभर फिरावं लागतं. काउंटरवर माणूस ताटकळत उभा असतो आणि मी एकेक खिडकी खाली करून डेस्कटॉपवरचं चित्र शोधत असते. शेजारच्या टेबलावर नवा लागलेला मुलगा माउसला हातच लावत नाही आणि त्याचं सगळं धडाधड उघडतं. विचारलं की म्हणतो, 'सवय आहे, काकू.' सवय कशाची, ते तुम्ही तरी सांगा. – एक वाचक, वाई

उत्तर : ताई, सवय फक्त एका कळीची आहे. कीबोर्डाच्या सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडे, कंट्रोल आणि आल्ट यांच्यामध्ये, खिडकीचं चित्र असलेली एक की दिसेल. ती विंडोज की. माझ्या टायपिंग क्लासात आलेल्या पहिल्या संगणकाला ही की नव्हतीच, तो १०१ कळांचा बोर्ड होता. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये आपल्या नॅचरल कीबोर्डावर ती आणली, पुढच्या वर्षी विंडोज ९५ आलं, आणि बघता बघता १०४ कळांचे बोर्ड सगळीकडे झाले. आम्हा टायपिंगवाल्यांना ती अजिबात आवडली नव्हती. एक तर स्पेसबार आखूड झाला, आणि आल्टवर जाणारं बोट चुकलं की मधेच स्टार्ट मेनू उगवायचा. कित्येक वर्षं मी मुलींना 'त्या कळीला हात लावायचा नाही' असं बजावत होते. आज त्याच कळीचं कौतुक लिहितेय.

आता स्क्रीनच्या तळाशी जी पट्टी असते, टास्कबार, तिच्याकडे बघा. तिच्यावर प्रोग्रामची चित्रं ओळीने मांडलेली असतात. स्टार्टचं बटण, शोधाची चौकट, टास्क व्ह्यू (उघड्या खिडक्या एकत्र दाखवणारं बटण) ही मोजायची नाहीत. त्यांच्यानंतर येणारा पहिला प्रोग्राम १, त्याच्या उजवीकडचा २, मग ३. विंडोज की दाबून धरायची आणि अक्षरांच्या वरच्या ओळीतला १ दाबायचा, की पहिला प्रोग्राम उघडला. २ दाबला की दुसरा. असं ९ पर्यंत जातं, आणि शून्य म्हणजे दहावा. एवढंच त्या मुलाचं गुपित.

पट्टीवर एखादा प्रोग्राम नसेल तर तो एकदा नेहमीच्या पद्धतीने उघडा, पट्टीवरच्या त्याच्या चित्रावर उजवं क्लिक करा आणि 'पिन टू टास्कबार' निवडा. मग चित्र धरून हवं तिथे सरकवा. कुठलं चित्र कुठे ठेवायचं, यावर मात्र पाच मिनिटं नीट विचार करा, सगळी गंमत तिथेच आहे. बहुतेक जण महत्त्वाचं काम पहिल्या जागेवर ठेवतात. तसं करू नका. डावा हात कीबोर्डावर ठेवून बघा : अंगठा विंडोज कळीवर, बाकीची बोटं १ ते ५ पर्यंत न ताणता पोचतात. ६ पासून पुढे उजवा हात लागतो. काउंटरवर तुमच्या उजव्या हातात पावती असते, पेन असतं, नोटा असतात. म्हणून जे पाच प्रोग्राम समोर माणूस उभा असताना लागतात ते १ ते ५ मध्ये, आणि संध्याकाळी एकदाच लागणारे पुढे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं : संस्थेचं सॉफ्टवेअर १, कॅल्क्युलेटर २, एक्सेल ३, वर्ड ४, ब्राउझर ५. कॅल्क्युलेटर दुसरा बघून हसू नका. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तोच लागतो, आणि खिडक्यांच्या ढिगाखाली हरवतोही तोच.

प्रोग्राम आधीच उघडा असेल तर तीच जोडी त्याला वर आणते, दुसरा उघडत नाही. एक्सेलच्या दोन फायली उघड्या असल्या तर विंडोज न सोडता ३ पुन्हा पुन्हा दाबा, एकीवरून दुसरीवर जाता येतं. कोरी नवी खिडकीच हवी असेल तर मधे शिफ्टही धरा. आणि एक जोडी मला स्वतःला फार आवडते, विंडोज, आल्ट आणि ३. एक्सेलच्या चित्राच्या डोक्यावर अलीकडे वापरलेल्या फायलींची यादी उघडते, बाणाच्या कळीने काल अर्धवट ठेवलेली रोजकीर्द निवडायची, एंटर. फोल्डरच्या पोटात फोल्डर उघडत बसायची गरज नाही.

'एकेक खिडकी खाली करून' असं तुम्ही लिहिलंय त्यावरही उपाय आहे. विंडोज आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या एका दमात खाली जातात, तेच पुन्हा दाबलं की होत्या तशा वर येतात. आणि जागेवरून उठताना विंडोज आणि एल. संगणक कुलूपबंद होतो. पतसंस्थेत ही सवय बाकी सगळ्यांच्या आधी लावून घ्या.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची व्हायची नाही. आम्ही टायपिंगवाले स्क्रीनकडे बघत नाही. नजर शेजारच्या कागदावर आणि बोटं आपली चालू. माझ्याकडे २ वर वर्ड होतं. एकदा सुट्टीत भाचा आला, त्याने व्हॉट्सॲप पिन केलं आणि सरकवून दुसऱ्या जागेवर ठेवलं. वर्ड गेलं तिसऱ्यावर. दुसऱ्या दिवशी एक भाडेकरार टाइप करायचा होता. मी विंडोज-२ दाबलं, नजर कागदावर वळवली आणि सुरू केलं : 'लिहून घेणार', एंटर, 'लिहून देणार', एंटर, 'कारणे भाडेकरार लिहून देतो की', एंटर. व्हॉट्सॲपमध्ये आमच्या भिशीचा ग्रुप उघडा राहिला होता. आठ ओळी गेल्यावर फोन वाजला. मैत्रीण विचारत होती, 'अगं, घर कुणाला देतेस? डिपॉझिट किती?' तेव्हापासून चित्रांची जागा ठरली की मी घरच्यांना सांगून ठेवते, आणि नवीन काही पिन करायचं तर ते शेवटी. मधलं एक चित्र जरी काढलं, तरी त्याच्या पुढचे सगळे एकेक जागा अलीकडे सरकतात, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : प्रत्येक प्रोग्रामला आपल्या पसंतीची की देता येते असं मुलाने फोनवर सांगितलं. त्याप्रमाणे वर्डच्या शॉर्टकटवर, म्हणजे ते उघडणाऱ्या चित्रावर, उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' ही चौकट सापडली. तिथे मी कंट्रोलचं संक्षिप्त रूप, सी-टी-आर-एल, टाइप केलं, तर आपोआप 'कंट्रोल आल्ट एल' असं काहीतरी झालं. तेही चालू द्यावं म्हटलं, पण त्याने वर्ड काही उघडत नाही. शॉर्टकट मी डॉक्युमेंट्समध्ये 'माझी साधने' नावाचा फोल्डर करून त्यात नीट ठेवला आहे. – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, दोन्ही गोष्टी तुमच्या शिस्तीमुळे झाल्या. त्या चौकटीत काही लिहायचं नसतं, नुसती एक की दाबायची असते. तुम्ही सी दाबलात तेव्हा तिने 'कंट्रोल आल्ट सी' धरलं, टी दाबलात तेव्हा ते खोडून 'कंट्रोल आल्ट टी', मग आर, शेवटी एल. एल वर तुम्ही थांबलात, तर तीही थांबली. कंट्रोल आणि आल्ट ती स्वतःच जोडते. तुम्ही चौकटीत एकदा क्लिक करून फक्त डब्ल्यू दाबा आणि ओके म्हणा.

दुसरी गोष्ट म्हणजे 'माझी साधने'. ही की चालते ती शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच. इतर फोल्डरमध्ये ठेवला तर चौकटीत की दिसत राहते, पण दाबल्यावर काहीच होत नाही, आणि विंडोज याबद्दल चकार शब्द काढत नाही. शॉर्टकट तिथून उचलून डेस्कटॉपवर आणा.

काही प्रोग्रामचा शॉर्टकट डेस्कटॉपवर करायचा कसा हेच सापडत नाही, विशेषतः स्टोअरमधून घेतलेल्यांचा. त्यासाठी विंडोज आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडेल, तिच्यात इंग्रजीत 'शेल', मग कोलन, मग जागा न सोडता 'ॲप्सफोल्डर' लिहा आणि एंटर. संगणकातले सगळे प्रोग्राम एका खिडकीत दिसतील. हवा त्यावर उजवं क्लिक करून 'क्रिएट शॉर्टकट' म्हणा, तो स्वतःच डेस्कटॉपवर ठेवू का असं विचारतो.

अक्षर निवडताना मात्र जपून. कॅल्क्युलेटरला सी द्यावंसं वाटणं साहजिक आहे, पण वर्डमध्ये कंट्रोल-आल्ट-सी ने कॉपीराइटचं चिन्ह उमटतं. इंग्रजी-भारत हा कीबोर्ड लावलेला असेल तर कंट्रोल-आल्ट-४ म्हणजे रुपयाचं चिन्ह, म्हणजे ४ हा आकडाही सोडून द्या. तुम्ही दिलेली की पुढे उभी राहते आणि मूळ काम बाजूला पडतं. आठ दिवसांनी '₹ का येत नाही' म्हणून शोधत बसाल आणि कारण लक्षात यायचं नाही.

मला विचाराल तर या पद्धतीपेक्षा वर सांगितलेली १-२-३ ची बरी. कंट्रोल-आल्टच्या कळीनंतर संगणक कधी कधी दोन-तीन सेकंद थबकतो, आणि डेस्कटॉप साफ करताना चित्र पुसलं गेलं की कीही गेली. पण पट्टीवर दहाच आकडे मिळतात. अकराव्या प्रोग्रामसाठी ही सोय ठेवा.

प्रश्न : मी मराठी टायपिंगच्या मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करतोय, इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची कीबोर्डावरची एक मांडणी) शिकलोय. मॅडम, विंडोज-आर दाबून कॅल्क लिहिलं की कॅल्क्युलेटर उघडतो असं क्लासमध्ये सांगितलं. मी लिहिलं तर चौकटीत 'मोतम' आलं आणि खाली 'सापडत नाही' असा संदेश. संगणकात व्हायरस आहे का? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : अरे, व्हायरस कसला! 'मोतम' वाचून मी एकटीच बसल्या बसल्या हसले. तू बरोब्बर टाइप केलंस, फक्त बोटं इंग्रजीत होती आणि कीबोर्ड मराठीत. बघ : इन्स्क्रिप्टमध्ये सी म्हणजे म, ए म्हणजे ओकाराची मात्रा, एल म्हणजे त, पुन्हा सी म्हणजे म. झाला मोतम. वर्डसाठी विनवर्ड लिहून बघ, ऐकाराची मात्राच पहिली पडते आणि बिचारी आपलं अक्षर शोधत ठिपक्यांच्या गोलावर लटकत राहते. आणि 'मोतम' बघून हे सी-ए-एल-सी असणार असं तुला मनात उलगडता आलं, तर कळांच्या जागा पाठ झाल्या समज.

उपाय सोपा आहे. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. डावा आल्ट आणि शिफ्ट यांनीही बदलते. आधी भाषा, मग विंडोज-आर, मग नाव. स्टार्ट दाबून प्रोग्राम शोधतानाही हाच घोटाळा होतो. पण विंडोज-१, विंडोज-२ यांना भाषेशी देणंघेणं नाही, मराठी असो की इंग्रजी, ते चालतातच. दिवसभर मराठीत काम करणाऱ्याने आधी तेच धरावेत असं मी म्हणते ते याच कारणाने.

विंडोज-आरने उघडणाऱ्या त्या 'रन'च्या चौकटीत नाव लिहायचं ते मात्र कागदोपत्री असलेलं. घरी हाक बाळू, पण दाखल्यावर बाळासाहेब, तसं. पडद्यावर आपण वर्ड म्हणतो, पण त्याच्या फायलीचं नाव विनवर्ड आहे, म्हणून तेच लिहावं लागतं. एक्सेलचं घरी-दारी एकच नाव, एक्सेल. नोटपॅडचंही तसंच. पेंटचं एमएस-पेंट, मधे जागा न सोडता. ओ-एस-के लिहिलंस तर पडद्यावर अख्खा कीबोर्ड उघडतो, आणि त्याच्यावर मराठी लावलंस तर कुठल्या कळीवर कुठलं अक्षर ते दिसतं. सरावाला उपयोगी पडेल, पण सवय लावून घेऊ नकोस, नजर पडद्यावरच्या कळांवर खिळते आणि वेग बसत नाही. एकदा लिहिलेली नावं ती चौकट लक्षात ठेवते. पुढच्या वेळी पहिलं अक्षर टाकलंस की खाली सुचवते, बाणाने निवडायचं.

प्रश्न : नोकरीमुळे बंगळूरला आहे, ऑफिसने मॅकबुक दिलंय. तुमच्या विंडोज कळीचं आमच्याकडे काय? – एक वाचक

उत्तर : तुमच्याकडे कमांड आणि स्पेसबार. स्पॉटलाइटची पट्टी उघडते, प्रोग्रामच्या नावाची दोन-तीन अक्षरं लिहा आणि रिटर्न. २००५ पासून मॅकमध्ये हे आहे, आणि खरं सांगायचं तर विंडोजच्या शोधापेक्षा मला ते जास्त आवडतं, दोन अक्षरांत नेमकं ओळखतं. उघड्या प्रोग्रामांत फिरायला कमांड आणि टॅब. मराठीसाठी कंट्रोल आणि स्पेसबारने भाषा बदलत असाल, तर घाईत बोट कमांडवर पडून भाषेऐवजी स्पॉटलाइट उघडतं. माझ्या धाकट्या जावेचं रोज होतं, ती लिहीत असते मुलाला पत्र आणि पट्टी येते मधे.

प्रश्न : सगळ्या शॉर्टकटची, म्हणजे कळांच्या जोड्यांची, एक यादी छापा की, कापून संगणकावर चिकटवता येईल. – तीन-चार वाचक

उत्तर : नाही छापणार. माझ्या क्लासाच्या भिंतीवर असा एक तक्ता होता, साठेक शॉर्टकटचा, लॅमिनेट केलेला. वर्षानुवर्षं लटकला, कुणी वाचला नाही. मुली शिकल्या त्या शेजारणीचं बघून. एका आठवड्याला एक जोडी धरा. पहिल्या आठवड्यात फक्त विंडोज-१, आणि त्या प्रोग्रामसाठी माउस वापरायचा नाही म्हणजे नाही, चुकून वापरलाच तर बंद करून पुन्हा की दाबूनच उघडायचा. आम्ही 'असदफ'चा गिरवा असाच घालायचो.

प्रश्न : माझा संगणक चालू झाल्यावर वर्ड उघडायला चार-पाच मिनिटं घेतो. शॉर्टकटने किती फरक पडेल? – किराणा व्यापारी, अकलूज

उत्तर : काहीच नाही. शॉर्टकटने तुमचा हात लवकर पोचतो, यंत्र नाही. संगणक जुना असेल आणि आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर दुकानात नेऊन तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. वर्ड आणि टॅलीसाठी तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो, नवीन यंत्र घ्यायची गरज नसते.

त्याआधी घरी एक करून बघा, पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप' नावाचा भाग शोधा. संगणक चालू होताना तुम्हाला न विचारता आपोआप जागे होणारे प्रोग्राम तिथे ओळीने दिसतील. अँटीव्हायरसला हात लावू नका. आवाजाचं, टचपॅडचं काही असेल तर तेही राहू द्या. पण कधीकाळी नातवाने घातलेला खेळ, गाण्यांचा प्रोग्राम, व्हिडिओ कॉलची दोन-दोन ॲपं, यांच्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' म्हणा. ती पुसली जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. मग संगणक एकदा बंद करून चालू करा आणि त्याच वेळी गॅसवर चहा ठेवा. चहा उतू जायच्या आधी वर्ड उघडलं का, तेवढं पत्राने कळवा.